देवडीवरचं ताट

माझ्या नवऱ्याच्या गावाला एकेकाळी राजा होता, हे मला कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातच कळलं. सांगणारे होते सासरे, आणि त्यांचा थाट असा, की राजा आत्ताच आमच्याबरोबर चहा घेऊन उठलाय. संस्थान एवढंसं. गावामागच्या टेकडीवर चढलं की दोन्हीकडच्या हद्दी दिसायच्या, म्हणे. मी पुण्याची, इतिहासाचा माज आमच्याकडे जन्मजात. मनात म्हटलं, अहो, याला राज्य म्हणतात की हाउसिंग सोसायटी?

तेव्हा हसू आलं होतं. तेच चिमूटभर संस्थान पुढे अबुधाबीत माझ्या उरावर येऊन बसेल, असं कुणी सांगितलं असतं तर पोहे तिथेच ठेवून पळाले असते.

सासऱ्यांची गोष्ट अशी. शेजारी इंग्रजांचा मुलूख वाढत वाढत वेशीपर्यंत आला. दुसऱ्या अंगाला लुटारूंच्या टोळ्या. राजाकडे फौज किती, तर दसऱ्याच्या मिरवणुकीला पुरेल एवढी. मग इंग्रजांचा साहेब आला आणि म्हणाला, तुमचं रक्षण आम्ही करतो. गादी तुमची, नगारा तुमचा, दसरा तुमचा. फक्त बाहेरच्या कुणाशी परस्पर बोलायचं नाही. जे काही असेल ते आमच्यामार्फत. साहेबाला आधी पोटभर जेवू घातलं आणि मग राजानं सही केली. ते जेवण आमच्या खापरपणजोबांनी रांधलं होतं, असं सासरे छातीवर हात ठेवून सांगायचे. खापरपणजोबा म्हणजे राजवाड्याच्या स्वयंपाकघरातले, मुदपाकखान्यातले, मुख्य आचारी. गोष्ट इथेच संपायची. पुढे काय झालं विचारलं की सासरे पाणी प्यायला उठायचे.

त्या घराण्यातून आमच्याकडे दागिना आला नाही की जमीन आली नाही. आली ती एक रीत. राजवाड्याच्या मोठ्या दरवाजाशी, जिथे पहारेकरी बसत त्या देवडीवर, रोज स्वयंपाक झाला की पहिलं ताट जायचं. राजाच्याही आधी. जो भुकेला पहिला येईल त्यानं ते जेवायचं आणि त्याला नाव-गाव काही विचारायचं नाही. सासूबाईंनी ही रीत डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावरही चालवली. कधी कुरिअरवाला, कधी जिना झाडणारी बाई, कधी मीटर बघायला आलेला. मी नवी असताना एकदा एका माणसाला विचारलं, कुठून आलात? सासूबाई आतून ओरडल्या, "विचारलंस की ताट उष्टं झालं गं!" आणि दुसरं ताट वाढून आणलं.

माझा स्वभाव तापट, पण ही रीत मला आवडली. का आवडली ते नाही सांगता यायचं.

पुढे आम्ही अबुधाबीला आलो. नवरा मुसफ्फात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, एका फॅब्रिकेशन यार्डात ड्राफ्ट्समन होता. यार्डातलं काम आटलं, तशी त्याची नोकरी गेली. जवळच्याच शाबियातल्या आमच्या फ्लॅटमधून मी तोवर आसपासच्या मराठी कुटुंबांना पोळी-भाजी द्यायचे. त्याची नोकरी गेल्यावर आम्ही होतं नव्हतं ते घालून मुसफ्फातच किचन काढलं, रीतसर लायसन्स घेऊन. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला स्टीलचे जिने बनवणारा. दिवसभर ग्राइंडरचा किर्रर्र आवाज आणि हवेत लोखंडाचा वास. मी म्हटलं, इथे कोण जेवणार? तर आसपासच्या ऑफिसांनी रोजचे डबे लावले. इंजिनिअर मंडळी, अकाउंट्सवाले, साइटवरचे फोरमन. वरणभात, पोळी, दोन भाज्या, शुक्रवारी काहीतरी गोड.

किचनचा मागचा दरवाजा गल्लीत उघडायचा. त्याच्याबाहेर मी एक स्टूल ठेवलं आणि पहिल्या दिवसापासून त्यावर पहिलं ताट. टायरवाला पठाण यायचा, कधी कंपनीच्या बसचा ड्रायव्हर, कधी व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधत फिरणारा एखादा, पायात पॉलिश केलेले बूट आणि हातात फाइल. न बोलता जेवायचे, नळावर ताट धुवायचे आणि स्टुलावर पालथं घालून जायचे. पालथं ताट दिसलं की माझा दिवस सुरळीत गेला.

इथे आमच्यासारख्यांचा जीव कशात अडकलेला असतो, ते एकदा सांगून टाकते. व्हिसात. किचन चाललं तर लायसन्स, लायसन्स असेल तर आम्हा दोघांचा व्हिसा, आमचा व्हिसा असेल तर मुलीचा. यातली एक वीट निघाली की सगळी भिंत खाली. मुलगी नववीत होती. जन्मल्यापासून इथे. मराठी कळतं सगळं, पण तोंडातून येते ती इंग्रजीच. आम्हाला हाकही "मम्मा", "बाबा". एकदा मी उगाच विषय काढला, पुण्याला शाळेत घातलं तर? तिचा चेहरा पांढरा पडला. "मम्मा, आय कान्ट इव्हन टॉक देअर. दे विल लाफ अॅट मी." त्या दिवसापासून माझं एकच मागणं होतं. तिची दहावी इथे, तिच्या वर्गात, तिच्या मैत्रिणींबरोबर व्हावी. बाकी मग आमचं काय व्हायचं ते होवो.

आणि नेमकं तेव्हाच घोंगडं अडकलं. आमचे डबे घेणाऱ्या कंपन्यांनी एकापाठोपाठ एक ठरवलं, की यापुढे जेवण पुरवणारा एकच, मोठा, अप्रूव्ह्ड व्हेंडर. आमच्यासारखी तीन शेगड्यांची किचनं त्यात बसत नव्हती. अॅडमिनमधला एक भला माणूस म्हणाला, "मॅडम, खाना तो आपका ही बेस्ट है, लेकिन खलास, ऊपर से डिसिजन हो गया." एकेक ऑफिस सुटत गेलं. भाज्यांच्या पाट्या निम्म्या झाल्या. फोन वाजला की वाटायचं, आता कोण सोडतोय?

मग तो फोन आला. आमच्याच रस्त्याच्या टोकाला एका बड्या केटरिंग कंपनीचा पसारा होता. ट्रकांचा ताफा, मोठमोठी काँट्रॅक्टं. त्यांच्या मॅनेजरसाहेबांचा फोन. आवाज मऊ, हिंदी अदबीची. म्हणाले, आम्ही तुम्हाला आमच्या छत्राखाली घेतो. किचन तुमचं, नाव तुमचं, पाटी तुमची, मेन्यू तुमचा. मालक तुम्हीच. फक्त बाहेरचा व्यवहार आमच्यामार्फत. तुमच्या हातचं मराठी जेवण आमच्या ट्रकमधून त्याच ऑफिसांत जाईल.

फोन ठेवला तेव्हा नवरा माझ्याकडे बघत होता. दोघांच्याही मनात टेकडीवरून दोन्ही हद्दी दिसणारं ते संस्थानच आलं असणार. मग तो म्हणाला, "त्यांना घरी जेवायला बोलाव."

बोलावलं. आणि इथेच आम्ही माती खाल्ली, शुद्ध मराठी माती. आपल्याकडे पाहुणा जेवल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही आणि जेवल्यावर त्याला अडचणीचं विचारायचं नाही. मी पुरणपोळी केली. मॅनेजरसाहेब वयानं आमच्याहून थोडे मोठे, डोक्याला टक्कल, बसण्या-उठण्यात नम्र. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. म्हणाले, माझी आई असंच काहीतरी करायची, हरभऱ्याच्या डाळीचं, नाव आठवत नाही. तुपाची वाटी दोनदा संपवली. आता अशा माणसाला काय विचारणार, कप्पाळ?

हात धुऊन झाल्यावर त्यांनी अॅग्रीमेंट काढलं. मी वाचत होते. एका कलमाशी थांबले. किचनमधून तयार झालेलं कोणतंही अन्न कंपनीच्या मंजुरीशिवाय तिसऱ्या कुणालाही देता येणार नाही, असं काहीतरी. माझ्या डोळ्यांपुढे स्टूल आलं. प्रश्न अगदी जिभेच्या टोकावर आला. पण माणूस अजून पुरणपोळीची तारीफ करत होता. शेजारी माझी मुलगी त्यांना बडीशेप देत होती आणि ते तिला विचारत होते, "बेटा, कौनसी क्लास?" मी म्हटलं जाऊ दे, एका ताटाचं काय एवढं, ते काय बघायला येणार आहेत? भीड भिकेची बहीण म्हणतात. त्या बहिणीला मी घरात घेतलं आणि पाट मांडून दिला. नवऱ्यानं सही केली, मी केली. साहेबांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "अब दसवीं आराम से करो, बेटा. इन्शाल्ला."

पहिले काही महिने, खोटं कशाला बोलू, मी सुखात होते. ऑफिसं परत आली. पाटी होती तिथेच होती, उलट त्यांनी ती नवी करून दिली, आतून दिवा लागणारी. मुलगी दहावीत गेली आणि मी तिच्या शाळेच्या बसला रोज हात हलवून मग किचनला जायचे. तेवढ्यापुरता जीव शांत व्हायचा.

मग सुपरवायझर आली. वीस-बावीसची फिलिपिनो मुलगी, टापटीप, हातात टॅब्लेट. कंपनीनं आपल्या छत्राखालच्या प्रत्येक किचनमध्ये अशी एकेक बसवली होती. वागायला गोड. सकाळी मला "गुड मॉर्निंग, ओनर मॅडम" म्हणायची आणि माझ्या डाळीचं तापमान मोजायची. मला उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसांचा राग येतो, पण हिचा येईना. तिचंही कुठेतरी कोणीतरी असेल, ज्याच्यासाठी ती टॅब्लेट सांभाळतेय.

एका सकाळी मी पहिलं ताट वाढून मागच्या दरवाजाकडे निघाले. ती हसून आडवी आली. टॅब्लेटवर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, फॉर हूम?"

कुणासाठी. माझ्या हातातलं ताट तिथल्या तिथे उष्टं झालं. सासूबाई असत्या तर ओरडल्या असत्या. मी काय सांगणार? कुणासाठी ते मलाच माहीत नसतं, त्यातच तर सगळं आहे! मी काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, काही नाही मॅडम, फक्त एक ईमेल टाका, अप्रूव्हल येईल.

मी मॅनेजरसाहेबांना फोन लावला. आवाज चढला माझा. ते शांत. "मॅडम, मैं समझता हूँ. पर कल को किसी का पेट खराब हुआ, तो किसकी ज़िम्मेदारी? आपका नाम खराब होगा." आणि खरं सांगायचं तर त्यांचं चूक नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. समोरचा वाईट असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

दोन-तीन दिवस स्टूल रिकामं राहिलं. पठाण एकदा दारापर्यंत आला, रिकामं स्टूल बघितलं, मला सलाम केला आणि काहीच झालं नाही असा परत गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग माझ्या डोक्यात आलं. स्टाफ मील! किचनमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला एक जेवण मंजूर होतं. पाटीवर मालक असले तरी टॅब्लेटमध्ये मी स्टाफच होते. माझं ताट माझं आहे ना? मग ते मी खाईन नाहीतर गल्लीत ठेवीन. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "फॉर मी." तिनं टिक केली. मी ताट घेऊन मागच्या दारानं बाहेर गेले, स्टुलावर ठेवलं आणि आत येऊन भांडी आवरायला लागले. ती दाराकडे बघत होती. मग टॅब्लेटकडे बघायला लागली. त्या दिवसापासून मी किचनमध्ये जेवले नाही. संध्याकाळी घरी येईपर्यंत डोकं दुखायचं, अंग थरथरायचं. नवऱ्याला वाटायचं माझी शुगर वाढलीय. आणि रोज धाकधूक, हे कुणी वर सांगितलं तर? अॅग्रीमेंट मोडलं म्हणाले तर? एका ताटापायी पोरीची दहावी घालवतेय का मी?

त्याच सुमारास मुलीला शाळेतून हिस्ट्रीचा प्रोजेक्ट मिळाला. एखादं छोटं राज्य मोठ्या साम्राज्याच्या संरक्षणाखाली कसं गेलं, त्यावर प्रेझेंटेशन. तिनं काय निवडावं? बाबांचं गाव! मी म्हटलं, अगं, एवढी मोठमोठी राज्यं पडलीयेत. तर म्हणे, "नो मम्मा, एव्हरीवन विल डू दोज."

लॅपटॉप उघडून डायनिंग टेबलावर बसली आणि बाबांना प्रश्न विचारायला लागली. मी आत पोळ्या लाटत होते. तिनं विचारलं, "सो व्हाय डिड ही साइन? वॉज ही अ कावर्ड?"

मी लाटणं हातात घेऊनच बाहेर आले. "घाबरट नाही तर काय! कुणी चार गोड शब्द बोललं की द्या सही! एक प्रश्न नाही विचारता आला त्याला?"

नवऱ्यानं नुसतं माझ्याकडे बघितलं. पोळी तव्यावर करपल्याचा वास आला म्हणून मी आत गेले. खरं तर चेहरा लपवायला गेले.

मुलगी बाहेर सांगत होती, की इथलेही शेख एकेकाळी ब्रिटिशांच्या प्रोटेक्शनखाली होते, सोशल स्टडीजमध्ये आहे. बाहेरच्या कुणाशी परस्पर करार करायचा नाही, सेम टू सेम. मग ते मोकळे झाले आणि त्यांनी मिळून हा देश केला. मी आतून विचारलं, "किती वर्षांनी गं?" ती म्हणाली, "लाइक... लाँग टाइम, मम्मा." आमचं अॅग्रीमेंट तर दरवर्षी रिन्यू व्हायचं होतं.

मग तिनं विचारलं ते मी एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. राजाचं झालं, पण "व्हॉट हॅपन्ड टु द कुक?"

 नवरा म्हणाला, तहानंतर गादी राहिली, नगारा राहिला, दसराही राहिला. बदलला तो देवडीवरचा पहारा. तिथे इंग्रजांचे शिपाई बसले. ते येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागले, कोण, कुठला, कशाला आलास? त्यांचंही बरोबरच होतं, रक्षण करायचं तर विचारायला नको? पण थोड्याच दिवसांत भुकेली माणसं यायची थांबली. पहिलं ताट भरलेलं परत यायला लागलं. एक दिवस खापरपणजोबांनी ते भरलेलं ताट उचललं, घरी आणलं, स्वतःच्या दारात ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून राजवाड्यात गेले नाहीत.

मी दारात येऊन उभी राहिले होते. "म्हणजे नोकरी सोडली?"

"सोडली की त्यांना काढलं, दोन्ही सांगतात."

"आणि हे मला आत्ता सांगतोयस? इतकी वर्षं तुझ्या बाबांनी एक अक्षर काढलं नाही!"

"बाबांना लाज वाटायची," तो म्हणाला. "घराण्यात कुणाची तरी नोकरी गेली होती, हे पाहुण्यांसमोर कसं सांगायचं?" हे बोलताना तो टेबलावरची पेन्सिल तासत होता. टोक केव्हाच झालं होतं, तरी तासत होता.

मुलीनं विचारलं, राजाचं पुढे काय झालं? तो म्हणाला, "संस्थान खालसा झालं." खालसा म्हणजे काय? "म्हणजे पाटीसुद्धा गेली."

करार संपायला थोडे दिवस होते तेव्हा मॅनेजरसाहेबांचा फोन आला. बातमी चांगली आहे म्हणाले. कंपनीनं नवं सेंट्रल किचन बांधलं होतं. सगळी लहान किचनं त्यात हलवायची. आमचं नाव राहील, डब्यावर स्टिकर राहील, मेन्यू माझा, पगार ठरलेला, व्हिसा त्यांच्याकडून, अगदी पक्का. किचनचं भाडं नाही, गॅसची कटकट नाही. रविवारी घरी येतो, बसून बोलू. मी हो, हो म्हणत राहिले. 

रविवारपर्यंत माझं कशात लक्ष लागलं नाही. फोडणीत मोहरीऐवजी मेथी पडली. नवऱ्यावर उगाच डाफरले. तो म्हणाला, "तू ठरव. माझ्या सहीमागे तुझी सही असते, हे मला माहिताय." मी म्हटलं, असं माझ्या गळ्यात घालू नकोस! तर म्हणाला, "गळ्यात घालत नाही गं. तू रोज जेवत नाहीस हे मला कळलंय, एवढंच सांगतोय." मला रडूच आलं. दोन्ही बाजूंनी हिशेब करून बघितला. हो म्हटलं तर मुलीची दहावी, बारावी, सगळं सुखरूप. नाही म्हटलं तर जुन्या घरगुती ऑर्डरी, सणावाराचे मोदक, आणि लायसन्स रिन्यू होईपर्यंत जीव टांगणीला. परीक्षा फेब्रुवारीत. पुरेल का तोवर? कुणाला ठाऊक.

रविवारी साहेब आले. मी पुरणपोळी केली नव्हती. साधं जेवण, वरणभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पोळ्या. मुलगी तिच्या खोलीत अभ्यासाला बसली होती, दार लोटलेलं. साहेब टेबलाशी बसले, बाही वर केली. मी त्यांचं ताट वाढून आणलं. त्या दिवशीचं ते पहिलंच ताट होतं. त्यांनी घ्यायला हात पुढे केले.

मी ताट सोडलं नाही.

"पहले एक बात पूछनी है," मी म्हटलं.

नवरा दचकला. "अगं, जेवू दे त्यांना आधी."

"नाही. ते जेवले की मला विचारवत नाही." आणि माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, "आपके सेंट्रल किचन में मेरी पहली थाली मैं किधर रखूँगी? रास्ते पे खुलनेवाला दरवाज़ा है?"

साहेबांना सगळं माहीत होतं. स्टुलाचं, माझ्या स्टाफ मीलचं, सगळं. ते मला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. इतके महिने त्यांनी कानाडोळा केला होता. ते म्हणाले, "सच बोलूँ, मॅडम? दरवाज़ा नहीं है. बस ट्रक लगाने का लोडिंग बे है. गेट पर सिक्युरिटी. अब मेरे हाथ में भी कुछ नहीं रहेगा."

"तो फिर हम नहीं आएँगे."

"मॅडम, सोच लीजिए. बेटी की दसवीं है ना इस साल?"

धमकी नव्हती ती. त्यांना खरंच काळजी होती आणि म्हणूनच ते वर्मी लागलं. ताट कललं. कोशिंबिरीचं पाणी भाजीत गेलं. मी नवऱ्याकडे बघितलं. वाटलं, आता हा काहीतरी सारवासारव करील. तो उठला, माझ्या हातातलं ताट हळूच सोडवलं आणि साहेबांपुढे ठेवलं. म्हणाला, "हमारे यहाँ इस थाली के साथ कुछ पूछते नहीं. आप आराम से खाइए, साहब. साइन नहीं होगा."

 साहेबांनी वरणभात कालवला.

मी आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.  हे काय करून बसलो आपण? राजासारखं नाही वागलो, ठीक आहे, पण राजाची पोरगी दहावीला नव्हती! आता तिला काय सांगायचं, कसं सांगायचं? मागे खोलीचं दार वाजलं. ती येऊन उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं, डोळे लाल.   मग तिनं मांडणीवरून स्वतःचं ताट काढलं, बाहेर गेली आणि साहेबांच्या समोरची खुर्ची ओढून बसली. बाहेरून तिचा आवाज आला, अडखळत, एकेक शब्द जुळवत.

"आई, मला पण वाढ. खूप भूक लागलीये मला."

मी वरणाचं पातेलं उचललं.